आधी माऊस बाजूला ठेवा : वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून काय काय करायचं

पंचवटीतल्या एका यात्री निवासाची वेबसाइट मी केली होती. वर रामकुंडाचा मोठा फोटो, खाली केशरी पट्टी, पट्टीवर पांढरी अक्षरं आणि खोल्यांचं भाडं एका झकास डिझाइन केलेल्या चित्रात. मालक खूश, मीही खूश. महिन्याभरानं तिथल्या काउंटरवर जळगावहून एका गृहस्थांचा फोन आला. खोलीचं भाडं किती, एवढंच त्यांना हवं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, साइटवर सगळं टाकलंय, बघून घ्या ना." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बघता येत नाही रे मला. मी ऐकतो. आणि तुमची साइट म्हणते, ग्राफिक, रेट अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू. हे किती रुपये झाले?"

मुलानं तो नंबर माझ्याकडे पाठवला. मी ओशाळतच फोन केला. गृहस्थ कॉलेजात शिकवणारे निघाले, लहानपणापासून दृष्टी नाही. रागावले नाहीत, उलट पाऊण तास साइट कुठे कुठे अडते ते सांगत बसले. त्या पाऊण तासात कळलं ते आणि पुढे ठेचा खात शिकलो ते, इथे क्रमानं मांडतोय. तुम्ही नुकतंच वेबसाइट करायला लागला असाल, किंवा साइट दुसऱ्या कुणी करून दिलीय आणि आता गळ्यात पडलीय, तर हे तुमच्यासाठी. नाशकात सध्या कुंभाच्या तयारीत लॉज, पार्किंग, टॅक्सी, पूजासाहित्य, जो तो साइट करून घेतोय. येणाऱ्यांत आजी-आजोबा किती असतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

कोणासाठी ही खटपट

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद आहे. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं ते २१ केले. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, ती सर्वांना वापरता येण्याजोगी ठेवायची जबाबदारी याच कायद्यानं टाकली. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. कायद्याचं एवढं पुरे.

कायदा नसता तरी मी हे केलं असतं, कारण अडणारी माणसं घरातच सापडली. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बहिणीचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. आणि मी स्वतः दुपारी बारा वाजता गोदाघाटावर उभा राहून मोबाइल उघडला, तेव्हा माझ्याच साइटवरचा फोन नंबर मला उन्हात वाचता आला नाही.

जगभर या कामाचा एक नियमसंच आहे, डब्ल्यूसीएजी नावाचा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम तो काढतं, आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्या आहेत. तुमचं लक्ष्य मधली, एए. तो दस्तऐवज मात्र आत्ता वाचायला बसू नका, पहिल्याच दिवशी धीर खचतो. खालच्या पायऱ्या करून मग वाचलात तर त्यातलं प्रत्येक कलम ओळखीचं वाटेल.

लागणारं सामान : कॉम्प्युटर, एक अँड्रॉइड फोन, वही आणि सलग अर्धा दिवस. पैसे लागत नाहीत.

पायरी पहिली : माऊस काढून ठेवा

खरंच काढून ठेवा. लॅपटॉप असेल तर टचपॅडलाही हात लावू नका. साइट उघडा आणि टॅब दाबत चला. टॅबनं पुढे, शिफ्ट धरून टॅबनं मागे, लिंकवर एंटर, बटणावर एंटर किंवा स्पेस, उघडलेली खिडकी बंद करायला एस्केप. स्वतःला एक नेमकं काम द्या : दोन जणांसाठी एक खोली, शनिवारची रात्र, बुक करायची. जिथे अडाल तिथे वहीत टिपा.

माझ्या साइटवर मी तिसऱ्याच टॅबला हरवलो. पानावर मी नेमका कुठे उभा आहे तेच दिसेना. कारण आठवलं तेव्हा कानशिलं तापली : थीम सजवताना मीच सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'आउटलाइन नन' लिहिलं होतं. लिंकभोवती येणारी चौकट घाणेरडी दिसते म्हणून. की-बोर्डवर चालणाऱ्या माणसाला तेवढी चौकटच ठावठिकाणा सांगत असते. ती ओळ शोधून खोडा. ब्राउझरची चौकट डिझाइनला खटकत असेल तर 'फोकस-व्हिजिबल' हा सिलेक्टर वापरून स्वतःची द्या, तीन पिक्सेल जाड, गडद रंगाची. ती की-बोर्डवाल्याला दिसते आणि माऊसनं बटण दाबणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही.

पुढचा अडथळा मेनूचा. 'खोल्या' या शब्दावर माऊस नेला की खाली यादी उघडायची, टॅबनं ती उघडेचना. आणि माऊस नेणं ही भानगड मोबाइलवर तशीही नसते. मेनू उघडायला बटण ठेवा, दाबलं की उघडेल असं.

मग सगळ्यात मोठा घोळ. 'बुक करा' या बटणावर टॅब थांबलाच नाही, उडी मारून पुढे गेला. ते बटण नव्हतंच. 'डिव्ह' नावाच्या रिकाम्या डब्याला मी रंग फासून, गोल कडा देऊन, क्लिकचा कोड चिकटवला होता. डोळ्यांना बटण, ब्राउझरच्या लेखी नुसता डबा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा ज्यात लिहितात त्या भाषेत, यासाठी 'बटन' हा टॅग आहे, तो वापरला की टॅबवर थांबणं, एंटरला दाद देणं, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, 'मी बटण आहे' असं सांगणं सगळं फुकटात मिळतं. कुठे लिंक आणि कुठे बटण हा गोंधळ नवख्यांचा नेहमी होतो. दाबल्यावर दुसऱ्या पानावर किंवा दुसऱ्या जागी जाणार असाल तर लिंक. त्याच पानावर काही घडणार असेल, फॉर्म जाणार, यादी उघडणार, तर बटण.

पॉप-अपची गोष्ट थोडक्यात. ऑफरची खिडकी उघडली, टॅब मात्र तिच्या मागच्या पानावरच फिरत राहिला आणि एस्केपनं खिडकी जाईना. 'डायलॉग' हा टॅग आणि त्याची 'शो मोडल' ही सोय वापरली तर हे नीट होतं. मी मात्र पॉप-अपच काढून टाकला. मालकांना चार दिवस वाईट वाटलं.

शेवटचं इथलं काम : मुख्य मजकुरापर्यंत पोचायला मला १९ वेळा टॅब दाबावा लागला, आणि दर पानावर पुन्हा १९ वेळा. पानाच्या अगदी सुरुवातीला 'थेट मुख्य मजकुराकडे' अशी लिंक द्या, जी एरवी लपलेली असते आणि टॅब पडला की दिसते. लपवायला 'डिस्प्ले नन' वापरू नका, त्यानं ती की-बोर्डलाही सापडत नाही. पडद्याबाहेर सरकवून ठेवा.

पायरी दुसरी : अक्षर हे अक्षरच राहू द्या

मराठी साइटींचं खरं दुखणं इथे आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत ते सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मजकूर आधी डीटीपीवाल्याकडे जातो. तो कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप करतो. या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की पडद्यावर मराठी दिसतं पण आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या अंगावर देवनागरीचे कपडे चढवतो. कृतिदेवमध्ये 'नाशिक' लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्ष असतं : यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, के, डी. स्क्रीन रीडर फाइल वाचतो, कपडे नाही. त्याला ऐकू येतं 'यूकेएफ केडी'. गूगललाही तेच दिसतं, म्हणून शोधात साइट येत नाही. मालकाला पटवायचं असेल तर आधी हे दुसरं कारण सांगा, लगेच पटतं.

ओळखायचं कसं? मजकूर कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठीच राहिला तर युनिकोड, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं; रोमन कचरा झाला तर जुना फॉन्ट. बदलायला फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या भरवशावर सोडू नका. रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' यांत हमखास चुका होतात, एकदा डोळ्यांखालून घालाच.

दुसरी सवय, सूचना चित्रात टाकायची. व्हॉट्सॲपवर फिरलेलं चित्र तसंच्या तसं साइटवर. दरपत्रक, वेळापत्रक, 'या रविवारी पाणी बंद' ही सूचना, सगळं जेपीजी. ऐकणाऱ्याला ते शून्य, आणि कमी दिसणाऱ्यानं मोठं केलं तर धुरकट होतं. चित्र ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण तोच मजकूर खाली अक्षरांत लिहा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच, तीही चित्रंच. माझ्या यात्री निवासाचं दरपत्रक मी शेवटी साध्या तक्त्यात घातलं आणि पहिल्या ओळीतल्या व पहिल्या स्तंभातल्या शीर्षकांना 'टीएच' हा टॅग दिला. हे विसरलात तर ऐकणाऱ्याला नुसतं 'बाराशे' ऐकू येतं, कसले बाराशे ते कळत नाही. टॅग असला की तो ऐकतो, 'दोन जणांची खोली, एका रात्रीचे, बाराशे'.

तिसरी गोष्ट, एका मिनिटाची. पानाच्या वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगायची जागा असते, 'लँग' नावाची. बहुतेक तयार थीमांत तिथे इंग्रजीचं 'ईएन' असतं. मग स्क्रीन रीडर आपलं मराठी इंग्रजी आवाजात वाचायला जातो, काही आवाज तर देवनागरी सरळ गाळून टाकतात. तिथे मराठीचं 'एमआर' लिहा. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधल्या जनरल पानावर साइटची भाषा मराठी निवडली की काम झालं. मराठी पानात एखादा परिच्छेद इंग्रजी असेल तर तेवढ्या परिच्छेदाला वेगळं 'ईएन' द्या.

पायरी तिसरी : कान लावा

आता साइट ऐकायची. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर महाग होते. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजांत मराठीही आहे. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, पण कळतो.

सुरू करण्याआधी दोन कळा पाठ करा : बडबड थांबवायला कंट्रोल, बाहेर पडायला इन्सर्ट आणि क्यू. मग पानावर जाऊन एच दाबत राहा, तो एकेका हेडिंगवर उडी मारेल. के दाबलं तर लिंकवर, टी दाबलं तर तक्त्यावर, एफ दाबलं तर फॉर्मच्या रकान्यावर. डोळस माणूस पान वरवर चाळतो ना, तसं चाळणं हे. म्हणून हेडिंग खरी असावी लागतात. एका पानावर एकच एच-वन, म्हणजे पानाचं नाव. त्याखालचे मोठे भाग एच-टू, त्यांच्या पोटातले एच-थ्री. नुसतं ठळक केलेलं वाक्य यांत मोजलं जात नाही. आणि अक्षर मोठं हवंय म्हणून कुणाच्याही वाढदिवसाच्या शुभेच्छांना एच-टू देऊ नका. मी दिलं होतं.

इन्सर्ट आणि एफ-सात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर येते. माझ्या यादीत होतं : अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा, इथे क्लिक करा, अधिक वाचा. कशाबद्दल अधिक? 'वातानुकूलित खोलीची माहिती', 'भोजनाच्या वेळा', 'बुकिंग रद्द करायचं असेल तर' असं लिहा. लिंक एकटी ऐकली तरी कळली पाहिजे.

चित्रांना ऑल्ट टेक्स्ट म्हणजे पर्यायी मजकूर द्यायचा असतो. वर्डप्रेसमध्ये चित्र निवडलं की बाजूला त्याची चौकट दिसते. इथे नवखे दोन टोकांना जातात, काही जण काहीच लिहीत नाहीत आणि काही जण निबंध लिहितात. मी केलेली दुरुस्ती दाखवतो. प्रवेशद्वाराच्या फोटोला आधी होतं 'यात्री निवास फोटो'. आता आहे : 'प्रवेशद्वार. रस्त्यापासून तीन पायऱ्या, उजव्या हाताला उतार आणि कठडा.' गुडघे दुखणाऱ्या आजीच्या नातवाला नेमकं हेच विचारायचं असतं, म्हणून ते वाक्य खालच्या मजकुरातही घेतलं. व्हॉट्सॲपच्या हिरव्या चिन्हाला 'व्हॉट्सॲप लोगो' म्हणण्यात अर्थ नाही, ती लिंक आहे, तिथे 'व्हॉट्सॲपवर विचारा' हवं. आणि वरच्या तोरणाच्या नक्षीला काहीच सांगायचं नसतं, तिचं ऑल्ट रिकामं ठेवा. रिकामं ठेवणं वेगळं आणि ऑल्ट लिहायचाच विसरणं वेगळं. विसरलात की स्क्रीन रीडर कित्येकदा फाइलचं नाव वाचतो, आणि मग होतं 'रेट अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू'.

मोबाइलवर हेच टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, लावून करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरली की चालू होतं आणि तशीच धरली की बंद. ही सोय आधी सेटिंग्जमध्ये चालू करून घ्या, कारण टॉकबॅक लागलं की फोन वेगळा वागतो : एका टिचकीनं निवडतो, दोन टिचक्यांनी उघडतो. बंद कसं करायचं ते न शिकता मी ते बसमध्ये चालू केलं आणि सगळ्या बसला माझे मेसेज ऐकवले.

पायरी चौथी : रंग आणि अक्षराची ठेवण

आपल्याकडे धार्मिक स्थळ म्हटलं की केशरी आलंच. केशरीवर पांढरी अक्षरं छान दिसतात हा समज मात्र उन्हात टिकत नाही. एए पातळीला साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. काळ्यावर पांढरं २१ ला १ असतं. मी वापरलेल्या केशरीवर, ज्याचा कोड एफएफ६६०० आहे, पांढरी अक्षरं २.९ वरच अडतात. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली तर ७ च्या वर जातात. पांढरीच हवी असतील तर केशरी विटकरीकडे झुकवा, बी३४७०० या रंगावर ती साडेपाचला पोचतात. आकडे तोंडी काढायची गरज नाही, 'कॉन्ट्रास्ट चेकर' शोधलं की फुकट साधनं मिळतात. सगळ्या नव्या थीमांना आवडणारी ती फिकी राखाडी अक्षरं तिथे एकदा तपासून बघाच. ९९९९९९ हा राखाडी पांढऱ्यावर २.८५ निघतो.

केवळ रंगावर अर्थ सोडू नका. खोल्या लाल-हिरव्या ठिपक्यांनी दाखवत असाल तर शेजारी 'शिल्लक', 'भरली' हे शब्द लिहा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ असतात.

देवनागरीचे दोन-तीन हट्ट आहेत. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापानं दिलेल्या ओळी एकमेकींत घुसतात. ओळींतलं अंतर दीडपट तरी ठेवा, मी १.७ ठेवतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी 'लेटर-स्पेसिंग' मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. लिंकखालची रेघ उकारांना खोडते म्हणून ती काढून टाकायचा मोह होतो. काढू नका, 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' देऊन थोडी खाली सरकवा. तिरपी अक्षरं मराठीत वाचवत नाहीत, जोर द्यायचा तर ठळक करा.

मग कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत पान २०० टक्क्यांपर्यंत मोठं करा. काही झाकलं गेलं, कापलं गेलं तर दुरुस्त करा. ४०० टक्क्यांना पान मोबाइलसारखं एका स्तंभात यावं, आडवं सरकवत वाचायची वेळ येऊ नये. बटणं बोटाला सापडतील एवढी ठेवा. नियम किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतो, माझ्या मते ४४ च्या खाली जाऊ नये. शेतात काम केलेल्या हातांची बोटं डिझायनरच्या बोटांएवढी नसतात.

पायरी पाचवी : फॉर्म

फॉर्ममध्ये लोक सगळ्यात जास्त अडतात, आणि अडलेले लोक सांगत नाहीत, निघून जातात.

रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'आपले नाव' लिहून भागवू नका. टाइप करायला लागलं की ते गायब होतं आणि अर्ध्यात फोन आलेला माणूस परत येऊन विचारतो, इथे काय भरायचं होतं? रकान्याच्या वर 'लेबल' टॅगनं नाव लिहा आणि ते रकान्याच्या आयडीशी जोडा. जोडलंय का ते तपासायचं तर नावावर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला पाहिजे.

मराठी फॉर्मचा एक खास खड्डा म्हणजे आकडे. ज्याच्या फोनवर मराठी की-बोर्ड आहे तो मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत भरतो, आणि फॉर्म म्हणतो चुकीचा नंबर. बिचारा तोच नंबर पुन्हा भरतो, पुन्हा तेच. जावास्क्रिप्टमधली आकडे ओळखायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे जाणते. नऊ-दहा ओळींचा कोड लिहून देवनागरी आकडे आपणच बदलून घ्यायचे, माणसाला त्रास द्यायचा नाही. मधे मोकळी जागा सोडली, शून्य लावलं, +९१ लावलं, तेही चालवून घ्या.

चूक दाखवताना नुसती लाल चौकट आणि 'कृपया योग्य माहिती भरा' यातून काही कळत नाही. 'मोबाइल नंबरात ९ आकडे आहेत, १० हवेत' असं त्या रकान्यापाशी लिहा, आणि कर्सर तिथे नेऊन ठेवा. भरलेलं बाकीचं पुसू नका. तारखेसाठी रंगीबेरंगी कॅलेंडरापेक्षा ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना बरा, आणि निवडलेली तारीख '३ ऑगस्ट, मंगळवार' अशी शब्दांत परत दाखवा. ०३/०८ हे कुणी ८ मार्चही वाचतं.

कॅप्चाची वाकडी अक्षरं काढून टाका. बॉटना गंडवायला एक लपवलेला रकाना ठेवतात, जो भरला गेला की समजायचं यंत्र आहे. ही युक्ती चांगली, पण तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवा आणि टॅबच्या वाटेतून काढा. नाहीतर अंध माणूस इमानेइतबारे तो भरतो आणि तुमचा फॉर्म त्यालाच यंत्र ठरवतो.

पायरी सहावी : वाट सापडली पाहिजे

मेनूत पाच-सहा नावं पुरे, आणि ती लोकांच्या तोंडची. 'आमच्या सुविधा' या नावाखाली पार्किंग आहे की नाही ते शोधायला लावण्यापेक्षा सरळ 'पार्किंग' लिहा. मेनू प्रत्येक पानावर त्याच जागी, त्याच क्रमानं हवा, आणि फोन नंबरही. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं पानाचं नाव प्रत्येक पानाला वेगळं द्या : 'भाडं – अमुक यात्री निवास'. सगळ्या पानांना 'होम' असेल तर ऐकणाऱ्याला पान बदललं हेच कळत नाही.

'कसे याल' या पानावर सगळेजण नकाशा चिकटवून मोकळे होतात. नकाशा ऐकता येत नाही. शब्दांत लिहा, जसं आपण फोनवर पाहुण्याला सांगतो तसं : नाशिकरोड स्टेशनवरून निमाणीला जाणारी सिटी बस घ्या, निमाणीला उतरा, तिथून चालत सात मिनिटं, शेवटचा तुकडा चढाचा आहे, रिक्षा दारापर्यंत येते. या एका परिच्छेदाबद्दल मालकांना जेवढे धन्यवादाचे फोन आले तेवढे माझ्या कुठल्याच डिझाइनबद्दल आले नव्हते.

हलणारं आणि वाजणारं : सरकती ओळ काढा. आपोआप बदलणारे फोटो ठेवलेच तर थांबवायचं बटण द्या. आपोआप वाजणारी आरती बंद करा, स्क्रीन रीडरचा आवाज तिच्याखाली दबतो. व्हिडिओला मराठी कॅप्शन स्वतः तपासून द्या.

यंत्राकडून तपासणी, मग माणसाकडून

क्रोममध्ये एफ-बारा दाबून त्यातलंच लाइटहाऊस हे तपासणीचं साधन चालवा, किंवा वेव्ह हे एक्स्टेन्शन टाका. वेव्ह काढणारी वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्रानं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांत चुका सापडल्या, आणि वर्षानुवर्षं वरचढ असणाऱ्या चुका त्याच सहा : फिकट रंग, ऑल्ट नसणं, लेबल नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं, भाषा न सांगणं. वरच्या पायऱ्यांत या सगळ्या येऊन गेल्या. मात्र लाइटहाऊसनं १०० दिले म्हणून पेढे वाटू नका. ऑल्ट आहे की नाही एवढं यंत्राला कळतं, त्यात 'फोटो फोटो' लिहिलंय हे कळत नाही.

'एक ओळ कोड टाका, साइट सगळ्यांसाठी सुगम' असं सांगून व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं बटण विकणारे भेटतील. मी एकदा घेतलं आणि काढलं. ज्याला स्क्रीन रीडर लागतो त्याच्याकडे तो आधीच असतो, आणि हे बटण त्याच्या कामात मधे मधे करतं. आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात. १०० च्या नोटेच्या कडांना चार तिरक्या उठावाच्या रेषा असतात, ५०० च्या नोटेला पाच, बोटानं ओळखता यावी म्हणून. त्या छपाईतच येतात, नोट बाजारात गेल्यावर कुणी वरून स्टिकर लावत फिरत नाही.

मग एखाद्या रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला साइट वापरायला द्या. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, चहावर भागवू नका. मधे मधे मदत करू नका, गप्प बसून बघा. साइटवर एक छोटं पान ठेवा : काही अडलं तर या नंबरवर सांगा. आणि तो नंबर उचलणारा माणूस असू द्या.

मी बदल करून झाल्यावर जळगावच्या सरांना पुन्हा फोन लावला. त्यांनी स्पीकर चालू करून माझ्यादेखत साइट चालवली, यंत्राचा आवाज इतक्या वेगात की मला एक शब्द लागेना. त्यांना भाडं सापडलं, उताराची माहिती सापडली, फॉर्म एका दमात भरून झाला. मी हुश्श करणार तेवढ्यात म्हणाले, "खोली सोडायची वेळ काय, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं.